इंजिनाचा जीर्णोद्धार

मराठीत घर बांधतात, गाठोडे बांधतात, बाशिंग बांधतात आणि इंजिनही बांधतात. यांपैकी पहिल्या तीन कामांना कधी ना कधी शेवट असतो. चौथ्याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. गॅरेजच्या परिभाषेत 'इंजिन बांधणे' म्हणजे झिजलेले इंजिन गाडीच्या सांगाड्यावरून, म्हणजे चासीवरून, उतरवून त्याचा प्रत्येक भाग सुटा करणे, जे घासता येईल ते घासणे, जे भरता येईल ते भरणे, उरलेले बदलणे आणि सर्व काही पुन्हा जुळवणे होय. या व्याख्येत कालमर्यादेचा उल्लेख नाही आणि तो करण्याचे धाडस आजवर कोणत्याही फोरमनने केलेले नाही. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण रूढ झाली तेव्हा मोटारी नव्हत्या, एवढेच तिच्यातील उणिवेचे समर्थन करता येते.

जुनी मोटार कोणती, या प्रश्नाचे उत्तर देशपरत्वे बदलते. इंग्लंडमधील शौकीन 'व्हिंटेज' हा शब्द साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांसाठी राखून ठेवतात आणि त्याबाबत ते सोवळ्याइतकेच कडक असतात. भारतीय कायदा अधिक उदार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा खासगी चारचाकी ही व्हिंटेज ठरते. बुलढाणा जिल्ह्यात या उदारतेचा लाभ जिला सर्वाधिक मिळावा अशी गाडी म्हणजे राजेरजवाड्यांची रोल्स-रॉइस नव्हे, तर पेट्रोलवर चालणारी जुनी महिंद्रा जीप होय. इथे राजवाडे थोडे आणि खळी अधिक असल्यामुळे, ज्या गाडीने कपाशीच्या गाठोड्यांपासून निवडणुकीच्या कर्ण्यापर्यंत सर्व काही वाहिले, तीच इथल्या गोठ्यात आज पुराणवस्तू म्हणून उभी असलेली दिसते. तिच्या टपावर कोंबड्या बसतात, याने तिच्या कायदेशीर दर्जाला बाध येत नाही.

या जीपचे कुळ अमेरिकन आहे. विलिस कंपनीची युद्धकाळात नावारूपाला आलेली जीप स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत आणली आणि पुढे 'सीजे-३बी' हा तिचा नमुना भारतात इतकी वर्षे बनत राहिला की, खुद्द अमेरिकेत तो १९६८ मध्ये बंद पडल्याची बातमी खेड्यापाड्यांत कोणाला लागलीही नाही. हिच्या इंजिनाचे नाव 'हरिकेन', म्हणजे चक्रीवादळ. चार सिलिंडरांचे हे इंजिन २,१९९ घनसेंटिमीटरचे असून अमेरिकेतील कागदांवर त्याची ताकद ७५ अश्वशक्ती नोंदलेली आहे; त्यांपैकी किती अश्व आज जिवंत आहेत, हे इंजिन उघडल्याशिवाय सांगता येत नाही. त्याची रचना विलक्षण आहे. हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत घेणारी झडप वरच्या झाकणात, म्हणजे 'हेड'मध्ये, आणि जळका धूर बाहेर सोडणारी झडप खालच्या मुख्य ओतीव ठोकळ्यात, म्हणजे 'ब्लॉक'मध्ये, अशी श्वासोच्छ्वासाची दोन मजली विभागणी तिच्यात आहे. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, उंची वाढल्यामुळे बॉनेट वर उचलावे लागले, आणि ही जीप कायम भुवया उंचावल्यासारखी दिसू लागली. तिच्या मालकांकडे पाहता तो चेहरा अकारण आहे असे म्हणवत नाही.

इंजिन बांधायची वेळ आली हे ओळखण्याचे शास्त्र धुराच्या रंगावर उभे आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरा आणि न थांबणारा धूर म्हणजे पाणी आत शिरले आहे, आणि निळसर धूर म्हणजे पिस्टनच्या कडांवरील कड्या, ज्यांना सर्वत्र 'रिंगा' म्हणतात, त्या झिजून इंजिन 'ऑईल खाऊ' लागले आहे. जिल्ह्यात या निदानाला आणखी एक भौगोलिक कसोटी उपलब्ध आहे. बुलढाणा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने तेरा तालुक्यांचा असला तरी बोलण्यात त्याचे दोनच भाग पडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेले बुलढाणा शहर वर, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे खाली; मलकापूरहून मोताळ्यामार्गे वर यायचे तर राजूर घाट चढावा लागतो. निरोगी इंजिन हा घाट तिसऱ्या गिअरात गुणगुणत चढते, आजारी इंजिन दुसऱ्यात कण्हते, आणि जे पहिल्या गिअरातही रेडिएटरचे झाकण उडवून वाफ सोडते, त्याच्याविषयी वळणावर थांबलेला ट्रकवालासुद्धा खाली न उतरता निकाल देतो : "भाऊ, इंजन खोलाच लागते."

वऱ्हाडी बोलीतील हे वाक्य वैद्यकशास्त्रातील शस्त्रक्रियेच्या सल्ल्याइतकेच अंतिम असते, मात्र त्याच्या पाठोपाठ येणारे "दोन दिवसाचं काम हाये" हे वाक्य वेगळ्या वाङ्मयप्रकारात मोडते. इंजिन उतरवण्यासाठी शहरी गॅरेजात लोखंडी घोडा असतो. गावाकडे कडुलिंबाची आडवी फांदी आणि चेन-कप्पी, म्हणजे साखळीवर ओढण्याची गडगडी, पुरते. इंजिन अधांतरी लटकू लागले की आसपासची मुले, दोन निवृत्त शिक्षक आणि एक बकरी असा प्रेक्षकवर्ग जमतो. त्यानंतर हेड सुटते, तळातील ऑईलचे चेंबर सुटते, पिस्टन एकेक करून वर येतात, आणि सारे भाग गोणपाटावर गोलाकार मांडले जातात.

ही मांडणी पाहताना जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आठवणे अपरिहार्य आहे. अक्षय तृतीयेच्या सायंकाळी तेथे शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात, आणि रात्रीतून कोणते धान्य जागचे हलले हे दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून पीकपाण्याचे भाकीत वर्तवले जाते. गॅरेजातील मांडणीचेही शास्त्र हेच आहे. रात्री गोणपाटावर असलेला कोणता नट सकाळी जागचा हलला, कोणती स्प्रिंग ड्रमखाली गेली आणि कोणते वॉशर बकरीने हुंगले, यावरून फोरमन पुढील महिन्याचे भाकीत करतो. फरक इतकाच की भेंडवळचे भाकीत वर्षातून एकदा होते, आणि गॅरेजातील भाकीत मालक जितक्या वेळा विचारील तितक्या वेळा नव्याने करावे लागते.

इंजिन झिजते म्हणजे नेमके काय होते, याचा थोडा खुलासा आवश्यक आहे. सिलिंडर हा गोल नळकांड्यासारखा असून त्यात पिस्टन वर-खाली धावतो. स्फोटाचा दाब पिस्टन अगदी वर असताना सर्वाधिक असतो, तिथेच ऑईल सर्वांत कमी पोहोचते, आणि खालचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, तिरपा होत असल्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर अधिक रेलतो. परिणामी सिलिंडर वरच्या भागात रुंद, खाली अरुंद आणि एकंदरीत किंचित लंबगोल होतो. वर्षानुवर्षे एकाच कुशीवर झोपणाऱ्या माणसाची गादी जशी होते, तसे हे आहे. ही झीज मोजण्याचे एकक 'थाऊ'. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. ज्या जिल्ह्यात जमिनीच्या बांधावरून दोन हातांचे वाद दोन पिढ्या चालतात, त्याच जिल्ह्यातील लेथवरचा कारागीर केसाच्या तिसऱ्या हिश्शावरून अस्वस्थ होतो, ही बाब समाजशास्त्रज्ञांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

झिजलेला सिलिंडर पुन्हा गोल करायचा तर त्याला सर्व बाजूंनी कापून थोडा मोठा करावा लागतो. याला 'बोअर करणे' म्हणतात, आणि त्यासाठी ब्लॉक खामगावला किंवा अकोल्याला पाठवला जातो. इथे शब्दाचा घोळ संभवतो, कारण घाटाखाली बोअर म्हणजे आधी विंधन विहीर. शेतातले बोअर खोल जाते आणि पाणी लागत नाही. इंजिनातले बोअर रुंद होते आणि पैसा लागतो. वीस थाऊ, तीस थाऊ, चाळीस थाऊ अशा पायऱ्यांनी सिलिंडर वाढवत न्यायचा आणि त्या मापाचे मोठे पिस्टन बसवायचे, असा हा क्रम असून साठ थाऊच्या आसपास भिंत पातळ होऊ लागली की आतून नवे अस्तर, म्हणजे 'स्लीव्ह', ठोकून पुन्हा पहिल्या मापावर यावे लागते. या वाढीचा एक सूक्ष्म परिणाम कोणी ध्यानात घेत नाही. मूळ ३.१२५ इंच व्यासाचा सिलिंडर साठ थाऊने वाढवला की २,१९९ घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे २,२८५ घनसेंटिमीटरचे होते. आरसी बुकात मात्र जुनाच आकडा राहतो. वाढलेल्या पोटाची नोंद ज्याप्रमाणे जुन्या ओळखपत्रावर होत नाही, तसेच हे.

बोअरच्या कामात यंत्राचा हात असतो. झडपा बसवण्याच्या कामात मात्र केवळ माणसाचा. झडपेची कड आणि तिचे बसण्याचे कडे, म्हणजे 'सीट', यांच्यात हवेलाही वाट मिळता कामा नये. त्यासाठी झडपेच्या कडेला करड्या रंगाची, बोटांत रेती चोळल्यासारखी वाटणारी ग्राइंडिंग पेस्ट लावतात, लाकडी दांडीच्या टोकाचा रबरी पेला तिच्या माथ्यावर चिकटवतात, आणि ताक घुसळणारी बाई जशी रवी फिरवते तशी ती दांडी दोन्ही तळहातांत पुढे-मागे फिरवतात. सुरुवातीला आवाज करकर येतो. मिस्त्री दर थोड्या वेळाने झडप उचलून, पाव फेरा फिरवून पुन्हा ठेवतो, म्हणजे झीज एकाच जागी होत नाही. हळूहळू करकर बारीक होत जाते, मग सरसर होते, आणि एका क्षणी जवळजवळ ऐकूच येईनाशी होते. तेव्हा तो झडप फडक्याने पुसून उजेडाकडे धरतो. कडेवर सर्वत्र सारख्या रुंदीची, कुठेही न तुटलेली, मंद करडी रेघ दिसली तर काम झाले. शंका उरली तर शिसपेन्सिलीने कडेवर आडव्या खुणा करून झडप एकदाच फिरवायची. सर्व खुणा पुसल्या गेल्या पाहिजेत. अशा आठ झडपा असतात. पाचव्या झडपेनंतर मिस्त्री बोलेनासा होतो आणि सातवीनंतर मालकाने चहा सांगावा, असा संकेत आहे.

मालकाच्या कर्तव्यांचा विषय इथेच संपवणे इष्ट. इंजिन बांधणीत मालकाकडे तीन कामे असतात : पैसे देणे, चहा सांगणे आणि बॅटरी धरणे. बॅटरी म्हणजे हातातला विजेचा दिवा. प्रस्तुत लेखकाने हे तिसरे काम एका मे महिन्यात सलग चार संध्याकाळी केले असून, उजेड मिस्त्रीच्या बोटांवर न पडता त्याच्या डोळ्यांवर पडावा यासाठी कोणतेही विशेष प्रशिक्षण लागत नाही, असा त्याचा अनुभव आहे. चौथ्या संध्याकाळी बॅटरी गॅरेजातील दहा वर्षांच्या पोराकडे सोपवण्यात आली आणि काम निम्म्या वेळात झाले.

घाटाखालच्या इंजिनांना एक खास स्थानिक व्याधी जडते. पूर्णेच्या दोन्ही काठांवरील पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागातील कित्येक गावांत भूगर्भातील पाणी इतके खारे आहे की त्याने तहान भागत नाही आणि डाळ शिजत नाही. हेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये गेले की सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या वाटांत क्षारांचा थर बसतो, थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, आणि ब्लॉक उघडल्यावर आत चहाच्या जुन्या किटलीची भूमिती दिसते. अमेरिकन अभियंत्यांनी ब्लॉकच्या भिंतीत जी गोल पत्र्याची बुचे ठेवली, त्यांना तिकडे 'फ्रीज प्लग' म्हणतात, कारण आतले पाणी गोठून फुगले तर ती बाहेर पडून ब्लॉक वाचेल, अशी समजूत आहे. मे महिन्यात ४५ अंशांचा पारा पाहणाऱ्या खामगावात ही बुचे गोठण्याने कधीच पडली नाहीत. ती खाऱ्या पाण्याने आतून सडून पडली. संकट वेगळे आले तरी बुचांनी आपला धर्म सोडला नाही.

आता मूळ तिढ्याकडे वळता येईल. ज्या नियमांनी जीपला व्हिंटेज हा मान दिला, त्याच नियमांची अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्यावर कोणतीही मोठी दुरुस्ती झालेली नसावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांतील फेरबदल त्या मोठ्या दुरुस्तीत धरले आहेत. पन्नास वर्षे चाललेले आणि तरीही न उघडलेले इंजिन ही कल्पना रम्य आहे, परंतु ती ज्यांना सुचली त्यांनी राजूर घाट चढलेला नसावा. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगे नवी, क्रँक दहा थाऊ घासलेला, सिलिंडरांना अस्तर आणि झडपा पुन्हा बसवलेल्या अशा इंजिनात मूळ काय उरले, याचा काटेकोर हिशेब केला तर ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक तेवढा हाती लागतो. कागदपत्रांच्या दृष्टीने इंजिन म्हणजे तो क्रमांकच, हे मान्य केले की सर्व अडचणी सुटतात. देवळाच्या जीर्णोद्धारात शिखर, सभामंडप आणि ओटा नवा झाला तरी देऊळ जुनेच राहते, कारण मूर्ती तीच असते. इंजिनाची मूर्ती म्हणजे हा क्रमांक. फोरमन तो तारेच्या ब्रशने घासतो आणि त्याच्यावर रंग येऊ देत नाही, यामागे हीच श्रद्धा आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागत गेले आणि ज्या मालकांचे पोट जीपवर होते त्यांनी हरिकेन इंजिन उतरवून डिझेल इंजिने बसवली. पुढे अशाच गाड्या काळी-पिवळी म्हणून आठ माणसांच्या जागी पंधरा माणसे घेऊन तालुक्याच्या बाजाराला धावल्या. त्या जीपांनी संसार चालवले, मुले शिकवली, बाळंतिणी दवाखान्यात वेळेवर पोहोचवल्या, आणि मूळ स्वरूप गमावल्यामुळे त्या आज भंगार ठरल्या. उलट जी जीप भाऊबंदकीच्या दाव्यामुळे चाळीस वर्षे लिंबाखाली उभी राहिली, जिने कोणाच्याही कामाला येण्याचे साफ नाकारले, तिचे इंजिन मूळ आहे आणि तीच ऐतिहासिक वारसा ठरते. हा न्याय माणसांनाही लावला जातो, पण तो विषय मोटारींचा नाही.

बांधलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करणे हा समारंभ असतो. नव्या रिंगा नव्या भिंतींना घट्ट बसलेल्या असल्यामुळे इंजिन 'जाम' असते आणि हँडल मारून ते फिरत नाही. हँडल मारणाराने अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याभोवती गुंडाळू नये, कारण उलटा झटका बसला तर मनगट मोडते, हा नियम मात्र तेवढ्यातही आवर्जून सांगितला जातो. अखेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येतो, दोर बांधला जातो, आणि जीप ओढत गावाबाहेर नेली जाते. ठिणगी पडण्याचा क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा असून वायरी जोडताना त्यात गफलत झाली तर कार्ब्युरेटरमधून बार उडतो, ट्रॅक्टरवरचा मागे न पाहता वेग वाढवतो, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. क्रम बरोबर असला तर पन्नासेक पावलांवर एक उचकी लागते, मग दुसरी, मग निळ्या धुराच्या ढगात चक्रीवादळ आपले नाव आठवून जागे होते.

याच जिल्ह्यात लोणारला बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. आकाशातून आलेला दगड एकदा आदळला आणि एका दणक्यावर ते काम पूर्ण झाले. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात तेवढ्याच वेळात ६,००० स्फोट होतात, आणि त्यांतून निष्पन्न काय होते, तर जीप मोताळ्याला पोहोचते. स्फोट आवरून धरण्यातली ही कला विश्वाच्या तुलनेत क्षुल्लक असली तरी लोणारच्या दगडाला घाट चढता आला नसता, हेही नमूद केले पाहिजे.

पहिले हजार किलोमीटर नवे इंजिन जपून चालवायचे असते. या काळाला 'रनिंग' म्हणतात; भिंती आणि रिंगा एकमेकींना घासून जुळत असतात, म्हणून वेग वाढवू नये, ओझे घालू नये आणि ऑईल लवकर बदलावे. नव्या सुनेच्या पहिल्या वर्षाशी या काळाची तुलना फोरमन हमखास करतात. सुनांचे त्यावरील मत कोणत्याही गॅरेजात नोंदलेले नाही. त्यानंतर एका सकाळी जीप राजूर घाट चढते. कोणी खामगावहून येऊन बोथ्याचा घाट, ज्ञानगंगा अभयारण्यातून, पसंत करतो. पण कसोटी राजूरचीच मानली जाते. तिसरा गिअर टिकला तर माथ्यावर थांबून बॉनेट उघडले जाते. बॉनेट उघडण्याचे काहीच कारण नसते, आणि म्हणूनच ते उघडण्यात सुख असते.

राहता राहिली नोंदणी. समितीने गाडी तपासून मान्यता दिली तर २० हजार रुपये शुल्क भरून तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला नवा क्रमांक मिळतो. त्यात राज्याचे एमएच राहते, पण बुलढाण्याचा २८ हा आकडा नसतो, याची हळहळ घाटावर आणि घाटाखाली सारखीच व्यक्त होते. नोंदणी दहा वर्षे चालते. या दहा वर्षांत गाडी रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन आणि जुन्या गाड्यांची रॅली एवढ्यांसाठीच ती काढता येते. याला अपवाद दोन. पेट्रोल भरण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी ती केव्हाही नेता येते.